हे कवाचं हाय?

हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हा माझं एक ठरलेलं उत्तर असायचं. फोटो फराटल्यासारखा आला, नाकडोळे एकमेकांत मिसळले, की गिऱ्हाइकाला म्हणायचं, "तुमी हललात." म्हातारी असो नाहीतर कडेवरचं लेकरू, हलले ते. मी हलत नसे आणि माझा कॅमेरा तर नाहीच नाही. धुरपताबाई नावाच्या एका बाईला तिच्या लेकरासकट मी तीन वेळा खुर्चीवर बसवलं होतं आणि तिन्ही वेळा तिलाच चारचौघांत बोललो होतो. शेवटी ती बिचारी स्वतःच्याच लेकराला चापट मारून, त्याला रडवत घरी घेऊन गेली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं जे झालं ते कसल्या माणसाच्या हातून झालं ते कळेल.

साल चौऱ्याहत्तर. माझ्याकडे दोन भिंगांचा, वरून खाली बघायचा कॅमेरा होता. भिंगाच्या बाजूला एक चकती आणि तिच्यावर आकडे कोरलेले: पाचशे, अडीचशे, सव्वाशे, साठ, तीस, पंधरा, आठ आणि त्याखालचे. हा धंदा मला माझ्या मामांनी शिकवला. त्यांची शिकवण चार शब्दांची होती, "उजेड कमी, आकडा कमी." भर उन्हात सव्वाशे, सावलीत तीस, स्टुडिओत पंधरा नाहीतर आठ. हे आकडे कशाचे, असं मी मामांना कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं असतं असंही मला वाटत नाही. मी समजून चाललो होतो की दिव्याच्या बल्बवर असतो तसा हा उजेडाचा आकडा. फोटो चांगले येत होते. चांगलं चाललं असलं की माणूस कशाला विचारतो!

त्या वर्षी माघात गोरेगावच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, मला बोलावणं आलं. बोलावणारे अमृतराव. गावातले मोठे जमीनदार, स्वतःची जीप असलेले, आणि बैलांचे भलते शौकीन. पटाला आजवर कधी फोटोवाला आला नव्हता. "औंदा आमची जोडी जिंकणार हाय, फोटो पायजे," असं म्हणून त्यांनी मला स्टँडसकट जीपमध्ये बसवलं. मी नवीन सदरा घातला होता. गावात उतरलो तेव्हा लोक बैल सोडून माझ्याकडे बघायला लागले, आणि मला ते फार आवडलं.

गोरेगावचा पट म्हणजे दोन जोड्या शेजारीशेजारी पळायच्या. शेवटाला जमिनीवर चुन्याची रेष मारलेली असायची. रेषेच्या टोकाला एक माणूस दोन झेंड्या वर धरून उभा राहायचा, डाव्या हातात तांबडी, उजव्या हातात पांढरी. एक झेंडी एका जोडीची, दुसरी दुसरीची. ज्या जोडीचं नाक रेषेवर आधी येईल तिची झेंडी त्यानं खाली टाकायची. घड्याळ नाही, पंचांची कमिटी नाही. झेंडी पडली की विषय संपला.

नऊ वर्षं ह्या झेंड्या कोंडीबाच्या हातात होत्या. कोंडीबा बौद्ध वस्तीतला, पन्नाशीचा, उंच आणि कमी बोलणारा. दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचा. एका वर्षी निकालावरून लाठ्याकाठ्या निघाल्या, तेव्हा गावातला एक म्हातारा म्हणाला होता की झेंड्या कोंडीबाला द्या, ते सख्ख्या भावासाठीबी खोटं बोलत न्हाई. काहींनी नाकं मुरडली. पण पट मोडण्यापेक्षा बरं, म्हणून दिल्या. आणि मग गावाला त्याची सवय झाली. बांधावरून भांडण झालं, कुणाची गुरं कुणाच्या पिकात शिरली, की लोक विचारायला लागले, "कोंडीबानं पायलं का?" त्यानं पाहिलं असेल तर तेवढ्यावर तोडगा निघायचा. गावच्या पारावर त्याच्या वस्तीतलं कुणी बसत नव्हतं, पण कोंडीबाला "बस" म्हणायला लागले होते. त्याच्या जवळ दुसरं काही नव्हतं. शब्द तेवढा होता.

शेवटची लढत लागली तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. एका बाजूला अमृतरावांची जोडी, दुसऱ्या बाजूला कनेरगाव नाक्याच्या जळबाची. जळबा साधा कोरडवाहू शेतकरी, पण त्याचे बैल सकाळपासून सगळ्यांना मागं टाकत आले होते. मी रेषेच्या ह्या टोकाला स्टँड लावून उभा, समोरच्या टोकाला कोंडीबा. उजेड उतरत चालला होता. मी मामांची शिकवण आठवली आणि आकडा खाली खाली आणत आठवर ठेवला.

हलगी कडाडली. धूळ उठली, लोक ओरडत उठले. माझ्या काचेत चार बैल एकदम घुसले आणि मी बटण दाबलं. दुसऱ्या क्षणी कोंडीबाची पांढरी झेंडी खाली पडली. पांढरी म्हणजे जळबा.

अमृतराव धावतच आले. "आमची जोडी पुढं व्हती!" ते कोंडीबावर ओरडले. "सगळ्यायनं पायलं! कसा काय पांढरी टाकतो तू?"

"रेषेवर जळबाची आधी आली, मालक," कोंडीबा म्हणाला. "मंग तुमची पुढं गेली. पण रेषेवर जळबाची."

गर्दीत दोन तट पडले. अर्ध्यांना अमृतरावांचे बैल पुढे दिसले होते, अर्ध्यांना काहीच दिसलं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, फोटो काढलाय की! फोटोत काय असंल ते खरं." सगळे माझ्याकडे वळले. मी त्या वेळी काय करायला हवं होतं? मी म्हणायला हवं होतं की बाबांनो, मी बसलेल्या माणसांचे फोटो काढतो, पळणाऱ्या बैलाचा हा माझा पहिलाच. मी म्हणालो, "चार दिवसांनी आणतो. फोटो खोटं बोलत नसतो."

फोटो धुतला तेव्हा मी खूश झालो, हेही सांगतो. चारही बैलांचे लांबच लांब फराटे उठले होते, पाय दिसतच नव्हते, नुसता वेग. स्टुडिओत असा फोटो आला असता तर मी गिऱ्हाइकाला झापलं असतं. बैलांचा होता म्हणून मला तो झकास वाटला. आणि दोन्ही फराट्यांची पुढची टोकं बघितली तर सरळ दिसत होतं: अमृतरावांची जोडी जळबाच्या जोडीपेक्षा अर्धा हात पुढे. मी मोठा कागद काढला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवला. खाली 'गोपीचंद फोटो स्टुडिओ, हिंगोली' असा ठसा उमटवला.

चौथ्या दिवशी पारावर सगळा गाव जमला. जळबाही आला होता, मागे उभा होता. फोटो हातोहात फिरला. "हे पाय नाक! अमृतरावायच्या बैलाचं नाक!" जो तो बोट लावून दाखवायला लागला. मी "बोट लावू नका, डाग पडंल," असं म्हणत मिरवत होतो.

शेवटी फोटो कोंडीबाच्या हातात आला. त्यानं तो खूप वेळ पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण फोटो त्यानं वाचल्यासारखाच पाहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग मान वर करून मला विचारलं, "गोपीचंदभाऊ, हे कवाचं हाय?"

"कवाचं म्हणजे? पटाचं," मी म्हणालो. "दुसरं कवाचं राहील?"

लोक हसले.

"तसं न्हाई. बैल रेषेवर आले तवाचं हाय, का रेष वलांडल्यावरचं? का मधलं?"

आज मी शपथेवर सांगतो, त्या पारावर शंभर माणसं होती आणि नेमका प्रश्न एकट्या त्याला पडला होता. मला तर तो प्रश्न कळलाही नाही. आणि न कळलेल्या प्रश्नावर माणूस चिडतो, तसा मी चिडलो. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला अरेतुरे करत म्हणालो, "कोंडीबा, फोटो म्हणजे एक क्षण असतो. टिचकी वाजली की झालं! त्यात आधीचं अन् नंतरचं काही नसतं. तुला हे समजायचं न्हाई."

मोठा हशा पिकला. अमृतराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग कुणीतरी आठवण काढली की कोंडीबाच्या बायकोचं, चांगुणाचं, माहेर कनेरगाव नाक्याचं. "असं हाय व्हय! सासरवाडीच्या मानसाला झेंडी देऊन राहिला." एकदा हे तोंडातून निघालं आणि मग कुणाला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

कोंडीबानं फोटो पारावर ठेवला. "मी जे पायलं ते सांगितलं," एवढंच म्हणाला. दोन्ही झेंड्या घरून मागवून घेतल्या, नीट गुंडाळून फोटोशेजारी ठेवल्या आणि निघून गेला. जळबानंही काही वाद घातला नाही. तो पुन्हा गोरेगावच्या पटाला कधी आला नाही.

नंतर गावात एक खोड निघाली. कोंडीबा काहीही बोलला की समोरच्यानं विचारायचं, "फोटो हाय का?" तो म्हणाला विहिरीला पाणी कमी आहे, "फोटो हाय का?" तो म्हणाला तुझी गाय तिकडं दिसली, "फोटो हाय का?" पोरंसोरं रस्त्यात विचारायची. पाणी भरताना चांगुणाला बाया विचारायच्या. बांधावरच्या भांडणात त्याला आता कुणी बोलवत नव्हतं. एका लग्नाचे फोटो काढायला मी गोरेगावला गेलो होतो, तेव्हा चहाच्या हॉटेलात हे माझ्यासमोर घडलं. कोंडीबा बाहेरूनच कुणाला तरी म्हणाला की सेनगावची जीप येऊन राहिली. हॉटेलवाला म्हणाला, "फोटो हाय का?" सगळे हसले. मीही हसलो. माझ्या धंद्याचं नाव गावाच्या तोंडी बसलं याचंच मला कौतुक. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो गेला.

पावसाळ्यानंतर माझ्या कॅमेऱ्याची चकती अडकायला लागली म्हणून मी नांदेडला गेलो. तिथे घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी कॅमेरा उघडला, तेल दिलं, आणि चालतो का ते बघायला आठवर ठेवून बटण दाबलं. पुढचं भिंग काढलेलं होतं. आतल्या बारीक पत्र्याच्या पाकळ्या उघडल्या आणि मिटल्या. मला उघडताना दिसल्या आणि मिटतानाही दिसल्या. आवाजही दोन आले, एक उघडल्याचा, एक मिटल्याचा.

मी म्हणालो, "चाचा, हे तर सावकाश चाललंय. बिघडलं का?"

"बराबर है," चाचा म्हणाले. "आठ पे इतनाच रहता."

"आठ म्हणजे उजेड जास्त ना?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षं धंदा करणाऱ्या माणसाकडे बघावं तसं ते बघणं नव्हतं. "मियाँ, ये उजाले का नंबर नहीं. वख्त का है. एक सेकंद के आठ टुकडे करो, उसमें का एक टुकडा. उत्ती देर खिडकी खुली. खिडकी खुली तो जो सामने से जाता, सब अंदर आता. आदमी बैठा है तो बैठा आता. घोडा भागा तो जहाँ से भागा और जहाँ तक भागा, सब आता."

जिथून पळाला आणि जिथवर पळाला. 'हे कवाचं हाय?' हा प्रश्न माझ्या कानात कोंडीबाच्याच आवाजात वाजला. आधीचं, का नंतरचं, का मधलं? मधलं, कोंडीबा. आधीचंही आणि नंतरचंही. एक क्षण नव्हताच तो.

घरी येऊन मी ती निगेटिव्ह काढली आणि भिंगाखाली धरली. बैलांच्या शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या बसवलेल्या होत्या. त्या चमकत्या शेंब्यांच्या रेघा निगेटिव्हवर स्वच्छ उमटल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेला दोन टोकं होती. पुढचं टोक म्हणजे खिडकी मिटली तेव्हा बैल कुठे होता ते. पारावर सगळ्यांनी तेच पाहिलं होतं. मागचं टोक म्हणजे खिडकी उघडली तेव्हा बैल कुठे होता ते. ते कुणीच पाहिलं नव्हतं. मी नाक आणि शेंबी यांच्यातलं अंतर धरून पट्टीनं मोजलं. खिडकी उघडली तेव्हा जळबाचे बैल रेषेच्या अर्धा हात मागे होते, अमृतरावांचे पुरता एक हात मागे. मिटेपर्यंत जळबाच्यांनी अडीच हात कापले, अमृतरावांच्यांनी साडेतीन. म्हणजे जळबाच्या जोडीला रेष गाठायला त्या वेळाचा पाचवा हिस्सा लागला. अमृतरावांच्या जोडीला तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा कमी. मी चार वेळा मोजलं. दर वेळी रेषेवर जळबाच आधी येत होता. अमृतरावांची जोडी जोरात होती, रेष ओलांडल्यावर ती पुढे गेली. कोंडीबानं शब्दन् शब्द तेच सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली, ती मी कितीदा फोटो पाहूनही पाहिली नव्हती. समोर उभ्या असलेल्या गर्दीतला प्रत्येक चेहरा फराटला होता. सगळ्यांच्या माना बैलांबरोबर वळत होत्या, म्हणून सगळे हलले होते. त्यांच्या मधोमध एकच माणूस कोरल्यासारखा स्वच्छ आला होता. दोन्ही हात वर, दोन्ही झेंड्या ताठ, आणि नजर खाली चुन्याच्या रेषेवर. बैल समोरून गेले तरी त्याची मान तसूभर वळली नव्हती. सगळ्या फोटोत न हललेला तो एकटा. आणि त्याच फोटोनं मी त्याला खोटं पाडलं होतं.

आता कुणालाही वाटेल की मी दुसऱ्या दिवशी गोरेगावची गाडी पकडली असेल. नाही पकडली. अमृतरावांच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि फोटोचं काम माझ्याकडेच होतं. लग्न होऊन जाऊ दे, म्हटलं. लग्न झालं. मग म्हटलं, आता इतके महिने गेलेच आहेत, लोक विसरलेही असतील. त्या लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी दुसऱ्याला "फोटो हाय का?" म्हणालं. विसरले नव्हते. अमृतरावांच्या बैठकीत तो फोटो काच लावून टांगला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत होते. मला त्याच्याखालच्या खुर्चीवर बसवून त्यांनी पानसुपारी दिली. मी ती घेतली. त्या विड्याची चव मला अजून आठवते आणि अजून माझी मलाच किळस येते.

पुढचा माघ आला. पटाच्या आदल्या दिवशी मी कोंडीबाच्या घरी गेलो. निगेटिव्हमधला तेवढाच तुकडा मोठा करून मी त्याचा वेगळा फोटो केला होता. एकटा कोंडीबा, हात वर, नजर रेषेवर. बरोबर मूळ फोटोचीही एक प्रत होती. दारात उभं राहून मी म्हणालो, "जयभीम, कोंडीबाभाऊ." माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं होतं, आणि ते त्यालाही कळलं असणार.

"जयभीम. या, बसा," तो म्हणाला.

चांगुणाबाईंनी पाणी दिलं. मी दोन्ही फोटो पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. आकडा काय, खिडकी काय, दोन टोकं काय, पाचवा हिस्सा काय. बोलताना माझी मान वर होत नव्हती. चांगुणाबाई पदरानं हात पुसून तो एकट्याचा फोटो घेऊन उजेडाला गेल्या. त्यांच्या घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. "बराबर आलाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "अस्सेच उभे राहतेत हे."

कोंडीबा मात्र फोटोकडे बघत नव्हता.

"म्हणजे तुमीच खरे होता," मी शेवटी म्हणालो. "माझंच चुकलं. मला माफ करा."

त्यानं मूळ फोटो माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "हे मला काहून सांगून राहिले तुमी? मला तं ठाऊकच व्हतं. ज्यायला ठाऊक न्हाई त्यायला सांगा ना."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी एका माणसासमोर, बंद घरात, गुपचूप माफी मागून सुटायला आलो होतो. हे त्यानं ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट सुरू व्हायच्या आधी अमृतराव नारळ फोडायला पुढे आले तेव्हा मीही पुढे झालो. झेंड्या आता अमृतरावांच्या एका माणसाच्या हातात होत्या. मी मोठ्यानं म्हणालो, "गावकऱ्यायनो, मला एक सांगायचंय. गेल्या साली मी जो फोटो दाखवला, तो मला वाचता आला न्हाई. रेषेवर जळबाची जोडी आधी आली व्हती. कोंडीबाभाऊ खरं बोलले. चूक माझी हाय."

अमृतरावांचा हात नारळासकट थांबला. मग मागून कुणाचा तरी आवाज आला:

"फोटो हाय का?"

सगळा माळ हसला. हलगीवालाही हसला आणि त्यानं एक ठोका दिला, मग तर लोक पोट धरून हसायला लागले. फोटो माझ्या पिशवीत होता. मी तो काढला, उंच धरला, पुढच्या दोघातिघांनी बघितलाही. "हे काय, नाक तं अमृतरावायच्याच बैलाचं पुढं हाय!" आणि पुन्हा हशा. मी टोकं दाखवायला लागलो, हिस्से सांगायला लागलो, आणि माझं मलाच ऐकू येईना. कुणी ऐकत नव्हतं. मीच त्यांना शिकवलं होतं की फोटो म्हणजे एक क्षण आणि त्यात आधीचं, नंतरचं काही नसतं. ते माझंच शिकवलेलं मला ऐकवत होते.

अमृतराव थंडपणे म्हणाले, "गोपीचंद, ऊन लागलं काय तुला? बस सावलीला."

तेवढ्यात गर्दीच्या अगदी मागून कोंडीबा पुढे आला. वर्षभरात तो ह्या माळाकडे फिरकला नव्हता. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गोपीचंदभाऊ खरं बोलून राहिले."

"तुला काय ठाऊक रे?" कुणीतरी विचारलं.

"मी व्हतो ना तिथं."

कुणी हसलं, कुणी नाही हसलं. एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. पण नारळ फुटला, हलगी सुरू झाली, पहिली जोडी सुटली आणि माणसं तिकडे धावली. त्या अख्ख्या माळावर माझ्या बाजूनं एकच माणूस बोलला होता, आणि त्याचा शब्द मोडणारा मी होतो.

आम्ही दोघं फाट्यापर्यंत चालत आलो. गाडीला वेळ होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आता मलाबी म्हणतील, फोटो हाय का."

"म्हणतील. सालभर म्हणतील," कोंडीबा म्हणाला. "मंग इसरून जातील."

"अन् तुमाला? तुमचंबी इसरतील ना?"

त्यानं रस्त्याकडे पाहिलं, गाडी येते का ते. "माझं कसं इसरतील? माझा तं फोटो हाय ना, अमृतरावायच्या बैठकीत."

गाडी आली. त्यानंच माझी पिशवी उचलून वर दिली आणि म्हणाला, "लई तकलीफ घेतली तुमी." अमृतराव पुढे वारले, जीप विकली गेली, पट बंद पडला. तो फोटो अजून त्यांच्या बैठकीत टांगलेला आहे. काच तेवढी बदलली आहे. खाली ठशात माझ्या स्टुडिओचं नाव अगदी स्वच्छ वाचता येतं.